जखमी माणूस पुढे ढकलू नका

संपादक महोदय,

पोलीस केसचे रुग्ण खासगी दवाखान्यांनी थेट सरकारी रुग्णालयात पाठवावेत, ही आपल्या वाचकाची सूचना जिवावर बेतणारी आहे. अशाच प्रथेपायी एका जखमी स्कूटरस्वाराला सुमारे २० किलोमीटर दूरच्या ‘अधिकृत’ रुग्णालयात धाडले गेले आणि तो वाटेतच दगावला. त्यावरूनच १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले : डॉक्टर सरकारी असो वा खासगी, आधी जीव वाचवायचा, पोलिसी सोपस्कार नंतर.

अपघात विभागातल्या पोलीस केसमध्ये मोठा वाटा रस्ते अपघातांचा, त्यातही दुचाकीवरच्या तरुणांचा असतो. मग मारहाण, विषबाधा, भाजणे. जखमेची जागा, लांबी, कडा, रंग हा सारा पुरावा पहिल्या डॉक्टरलाच मूळ रूपात दिसतो. टाके पडले की जखमेचे ते रूप बदलते. भाजलेल्या सुनेला काय घडले ते सासरच्यांना बाहेर ठेवूनच विचारावे लागते, आणि तेही लगेच.

कोर्टाच्या फेऱ्यांची डॉक्टरांना वाटणारी धास्ती खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे नोंदीचे प्रशिक्षण आणि दूरचित्रसंवादाने साक्ष. रुग्णाला दारातून परत पाठवणे हा उपाय नव्हे.

– अपघात विभागातील एक वैद्यकीय अधिकारी