आकडा खरा, पण कशाचा?

विजेच्या गाड्यांचा खप वाढला, अशी बातमी हल्ली दर महिन्याला छापून येते. चहाच्या टपरीवर तिच्यावर दोन तट पडतात. एक म्हणतो, "आता पेट्रोलचे दिवस भरले." दुसरा विचारतो, "मग आपल्या जिंतूर रोडला त्या दिसत का नाहीत?" दोघांचंही चुकत नाही. आकडा बहुधा खराच असतो, पण तो कशाचा आहे, हे आपण विचारीत नाही.

२०२४-२५ या आर्थिक वर्षात देशात साडेएकोणीस लाखांच्या घरात विजेची वाहने नोंदली गेली. आता हे गाठोडे सोडून पाहा. त्यात साडेअकरा लाखांच्या आसपास दुचाकी, सुमारे सात लाख तीनचाकी आणि मोटारी जेमतेम लाखाच्या वर. नव्या तीनचाकींत निम्म्याहून जास्त विजेच्या, तर नव्या मोटारींत त्या वर्षी शंभरात तीनही नव्हत्या. तीनचाकींतही उत्तर प्रदेश, बिहारकडच्या ई-रिक्षांचा वाटा मोठा. म्हशी, शेळ्या अन् कोंबड्या एकत्र मोजून "गावात जनावरं वाढली" म्हणावं, तसाच हा प्रकार.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. ज्याच्या दावणीला एकच म्हैस आहे, त्याने दुसरी आणली की वाढ शंभर टक्के! म्हणून टक्के ऐकले की मूळ संख्या विचारावी, आणि तुलना कशाशी केली तेही. मार्च २०२४ मध्ये देशात विजेच्या सुमारे १ लाख ४० हजार दुचाकी नोंदल्या गेल्या. एप्रिलमध्ये आकडा ६५ हजारांच्या आसपास आला. महिनाभरात लोकांचं मन फिरलं काय? नाही. केंद्राच्या 'फेम-२' योजनेचे अनुदान ३१ मार्चला संपत होते, म्हणून पुढची खरेदी अलीकडे ओढली गेली. मार्चवरून तेजी ठरवणारा फसला आणि एप्रिलवरून मंदी ठरवणाराही फसला.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आपण मोठ्या ऐटीत म्हणतो. त्या जर्मनीतही हेच झाले. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील सरकारने अनुदान एकाएकी बंद केले. २०२३ मध्ये सुमारे ५ लाख २४ हजार विजेच्या मोटारी खपल्या होत्या, २०२४ मध्ये ३ लाख ८० हजारच. पुढे २०२५ मध्ये आकडा ५ लाख ४५ हजारांवर गेला. वाढ ४३ टक्के! पण २०२३ शी ताडून पाहिले तर अवघी चार टक्के. आकडे तेच, फक्त माप कुठून लावले त्याचा फरक.

तिसरी गोष्ट, मोजले कोणी? कारखानदारांची संघटना 'सियाम' कारखान्यातून विक्रेत्याकडे गेलेल्या गाड्या मोजते. विक्रेत्यांची संघटना 'फाडा' आरटीओतील नोंदणीवरून मोजते. कृषी सेवा केंद्रात आलेल्या बियाण्याच्या बॅगा म्हणजे पेरा झाला असं कोणी धरतं का? तसंच हे. शिवाय ताशी २५ किलोमीटरपर्यंतच वेग असलेल्या, २५० वॅटपर्यंतच्या छोट्या स्कूटरला नोंदणी लागत नाही. त्या या हिशेबात येतच नाहीत. आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या पोराने तिथे नोंदवलेली गाडी सेलूत उभी असली, तरी ती आपल्या एमएच-२२ मध्ये मोजली जात नाही.

हे सगळं कशासाठी सांगायचं? कारण आपल्याकडची बेरोजगार पोरं असल्याच बातम्या वाचून कर्ज काढतात. कुणाला विजेचा ऑटो घ्यायचा असतो, कुणाला एजन्सी. गाडी वाईट आहे असं नव्हे. रोजचं भाडं मारणाऱ्याला ती परवडूही शकते. पण हप्ता देशाच्या आकड्यावर फिटत नाही. तो गंगाखेड-पाथरीच्या रस्त्यावर फिटतो.

तेव्हा सही करण्याआधी आरटीओत जाऊन विचारा, आपल्या जिल्ह्यात याच प्रकारच्या किती गाड्या नोंदल्या गेल्या? बिघडली तर दुरुस्ती परभणीत होते की नांदेड, औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) गाठावे लागते? बॅटरी बदलायची वेळ आली तर खर्च किती? अन् गावात वीज रात्री किती तास टिकते, हे तर तुम्हाला कोणी सांगायला नको.

मोंढ्यात भाव ऐकला की आपण लगेच विचारतो, "कोणत्या मालाचा? कोणत्या दिवसाचा?" गाड्यांच्या आकड्यालाही तोच सवाल टाका.