कंदील थायलंडचे, वाडे बिल्डरचे

दर नोव्हेंबरात ऑफिसातलं कुणी ना कुणी चियांग माईला जाऊन येतं. मग सोमवारी फोटो. आकाशात सोडलेले कागदी कंदील, सागवानी देवळं, जुन्या लाकडी घरातला होमस्टे. आणि ठरलेलं वाक्य, "कसं जपलंय बे त्यांनी! नाहीतर आपल्याकडे..." म्हणणारा कोण? महालात जन्मलेला आणि आता वर्धा रोडवर टू बीएचकेत राहणारा अस्सल नागपूरकर.

मंडळी, मला राग येतो तो या "आपल्याकडे"चा.

त्यांचे कंदील उडतात त्याच सुमारास आपली त्रिपुरी पौर्णिमा असते. रामटेक इथून पन्नासेक किलोमीटर. गडमंदिरावर त्रिपूर जाळतात. किती जण गेलात? खिंडसीला बोटिंग करून परत आलेल्यांनी हात वर करू नयेत.

आणि सागवान? अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ साली सागवान गेलं ते बल्लारपूरहून. दिल्लीच्या नव्या संसद भवनातलं नागपूरहून गेलं. या बातम्या आपण छाती फुगवून फॉरवर्ड केल्या. महालातल्या वाड्यांचे खांब आणि तुळयासुद्धा सागवानीच आहेत, पण ते कुणी फॉरवर्ड करत नाही. भोसल्यांचा काळ्या दगडाचा, लाकडी कोरीवकामाचा राजवाडा १८६४ साली जळाला, मोठा दरवाजा तेवढा उरला. ती आग होती. आता जे चाललंय ते आपण शुद्धीत करतोय.

वाडा कसा जातो ते माहीत आहे? आजोबा गेले की वारस अकरा. तीन पुण्यात, एक न्यू जर्सीत. खालचा भाडेकरू आजोबांच्या काळातलं भाडं देतो. पावसाळ्याआधी कवेलू फेरायला माणूस मिळत नाही, मिळाला तर वर्गणी कुणी काढायची यावरून भांडण. दोन पावसाळ्यांत पाणी तुळईच्या टोकाला पोचतं, भिंतीत गेलेलं टोक कुजतं. मग बिल्डर येतो. पाडकामवाला आधी लाकूडच सोडवतो, कारण पैसा त्यात असतो. तेच खांब पुढे कुठल्या तरी रिसॉर्टच्या "अँटिक" डायनिंग टेबलात जातात, आणि टीम आउटिंगला जाऊन आपण त्याच टेबलावर कोपर टेकवून वारशावर बोलतो.

म्हणून वाड्याच्या मालकाला शिव्या घालणं बंद करा. नागपूरची हेरिटेज यादी २००३ सालची. यादीत नाव आलं की काय करायचं नाही ते मालकाला कळतं. गळकं छप्पर मात्र त्याचंच. वारसा सगळ्या शहराचा आणि खर्च एका घराचा, हा कुठला हिशोब? न वापरलेल्या एफएसआयच्या बदल्यात मालकाला टीडीआर देण्याची तरतूद मुंबईच्या हेरिटेज नियमांत १९९५ पासून आहे. नागपुरात मालमत्ता कर माफ करा, टीडीआर वर्षभरात हातात द्या, वाड्यात होमस्टे किंवा छोटं ऑफिस काढायची परवानगी एका खिडकीवर द्या. मग बघू कोण पाडतो. एवढी मागणी तरी आपण कधी केली का? मेट्रोच्या फीडर बसवर आपण ट्वीट करतो, यावर नाही.

थाई लोक जन्मतःच रसिक असतात असंही नाही हं. त्याच उत्तर थायलंडात फ्रे नावाचं सागवानाचं जुनं गाव आहे. तिथे बॉम्बे बर्मा कंपनीची (हो, १८६३ सालची, आपल्या मुंबईतलीच) शंभराहून जास्त वर्षं जुनी लाकडी कचेरी होती. २०२० साली ती दुरुस्तीच्या नावाखाली पाडली गेली. गाव असं खवळलं की सरकारला ती पुन्हा बांधून देण्याचं कबूल करावं लागलं. त्यांच्यात आणि आपल्यात फरक असला तर तो खवळण्याचा आहे.

आणि नागपूरकरांना जपता येत नाही म्हणाल, तर काळी मारबत १८८१ पासून निघतेय. एवढ्या वर्षांत कुणाला आठवण करून द्यावी लागली नाही. कारण ती मोहल्ल्याची आहे, कुणा एका घराची नाही.

सध्या चियांग माईचे फोटो दाखवणाऱ्याला मी एवढंच विचारतो, तुझ्या महालातल्या वाड्याच्या आखीव पत्रिकेवर किती नावं आहेत, आणि शेवटचे कवेलू कधी फेरले? पहिल्या प्रश्नाला "बाबांना माहीत असेल" म्हणतात. दुसऱ्याला फोन खिशात जातो.