लांबचे डोंगर निळेच दिसतात ना?

निवृत्तीनंतर अनेकजण जलरंग हाती घेतात. लांबचा डोंगर फिकट निळा, तो वाळल्यावर जवळचा गडद, शेवटी झाड. छंद उत्तमच, पण माझ्या मते त्यातून डोळ्यांचा इशाराही मिळतो. मोतीबिंदूत डोळ्यातील भिंग पिवळसर होते, निळा रंग अडतो. बदल सावकाश होत असल्याने लक्षात येत नाही. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांना १९१२ साली मोतीबिंदूचे निदान झाले, शस्त्रक्रिया १९२३ साली. मधल्या काळातील त्यांची अनेक चित्रे तांबूस-तपकिरी झाली. आपले जुने चित्र नव्याशेजारी ठेवून पाहावे. डोंगर तांबूस होत असतील तर 'वय झाले' म्हणून गप्प बसू नये. मोतीबिंदू थेंबांनी विरघळत नाही आणि तो 'पिकण्याची' वाट पाहण्याचीही गरज नसते. नेत्रतज्ज्ञांना वेळीच दाखवावे.