तुमच्या रस्त्याचं भारमान किती?

एसटीची फेरी बंद झाली की आगारातून ठरलेलं उत्तर मिळतं : भारमान नाही. चाळीस-बेचाळीस आसनं, बसले बारा, डिझेलसुद्धा सुटत नाही, करा बंद. हिशेब बिनतोड आहे. माझी हरकत एवढीच, की या राज्यात तो फक्त लाल गाडीला लावतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला, ५५ हजार कोटींच्या घरात पैसा गेला. ज्यांच्या शिवारातून तो गेला त्यांना त्यावर चढायचं तर आधी कुठल्या तरी लांबच्या इंटरचेंजपर्यंत जावं लागतं. त्याचं भारमान काढून एखादी मार्गिका बंद करा, असं कुणी साहेब म्हणाल्याचं माझ्या कानावर नाही. नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाचा मूळ अंदाजच ८६ हजार कोटींच्या आसपास होता, आणि ज्यांची जमीन त्यात जायची ते शेतकरी मोर्चे काढून नको म्हणतायत. तिथे नको म्हटलं तरी देणार. इथे हात जोडून मागितलं तरी नाही, कारण बारा माणसं ती काय माणसं?

ती बारा माणसं कोण ते तरी बघा. तालुक्याच्या स्टँडवरून संध्याकाळी साडेसातला सुटणारी शेवटची गाडी धरा. कापडदुकानात कामाला असणाऱ्या दोघीतिघी. क्लास सुटलेल्या बारावीच्या मुली. जिल्ह्याला डायलिसिस करून परतणारा एक. कोर्टात पुढची तारीख घेऊन निघालेले एक आजोबा. साहेबांना वाटतं, ही गाडी काढली की बारा प्रवासी कमी झाले आणि विषय मिटला. अहो, परतीची गाडी नसेल तर ही माणसं सकाळी घराबाहेर पडतील कशाला? ती सकाळच्या भरलेल्या गाडीतूनही वजा होतात. चार महिन्यांत सकाळच्या गाडीचं भारमान पडतं, मग तीही जाते. उरते दुपारची, जिचा कुणालाच उपयोग नाही. शेवटी तीही जाते आणि 'प्रवाशांचा प्रतिसाद नाही' हे वाक्य अगदी खरं होऊन बसतं. शेवटची फेरी रिकामी दिसते, पण दिवसभराच्या फेऱ्या तिच्या भरवशावर भरतात. हे कळायला वाहतूकशास्त्राची पदवी लागत नाही, एकदा तालुक्याहून रात्री घरी जायची गरज लागते. ती ज्यांना लागत नाही ते वेळापत्रक ठरवतात.

मुक्कामी गाडीचंही तेच केलं. रात्री गावात थांबायची, पहाटे दूध, भाजी आणि कॉलेजची पोरं घेऊन निघायची. चालक-वाहकांची तक्रार होती की झोपायला जागा नाही, संडास नाही, रात्र डासांत गाडीतच काढावी लागते. तक्रार शंभर टक्के खरी. त्यावर इलाज होता एक खोली, एक नळ, एक संडास. ग्रामपंचायतीने कमान बांधली, सभामंडप बांधला, खोली काही बांधली नाही; महामंडळानेही पाठपुरावा केला नाही. मग सगळ्यात स्वस्त इलाज झाला : मुक्कामच बंद. पहाटेची गाडी गेल्यावर बाप कर्ज काढून मुलाला मोटारसायकल घेऊन देतो. मुलीला देतो का? तिचं कॉलेज सुटतं, आणि त्याची नोंद कुठल्याच आगाराच्या तोट्यात होत नाही.

सरकार काहीच करत नाही, असं मी म्हणणार नाही. सरकार सवलती देतं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास फुकट, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट, शाळकरी मुलींना बारावीपर्यंत मोफत पास. सवलती चांगल्या आहेत. माहेरी चार वेळा जास्त जाता येतं, दवाखान्याला जाताना नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. पण सवलत एका दिवसात जाहीर करता येते, तिचा फलक लावता येतो, फलकावर फोटो लावता येतो. गाडीला निविदा लागते, चालक लागतो, सुटा भाग लागतो, आणि ती रोज साडेसातला सोडावी लागते. रोज साडेसातला सुटणाऱ्या गाडीचा फलक कोण लावणार? म्हणून झालं असं, की कोरोनाआधी अठरा हजारांच्या आसपास असलेला ताफा पंधरा हजारांच्या आसपास आला आणि त्याच काळात तिकीट अर्धं करून गर्दी बोलावली. ५,१५० विजेच्या गाड्या भाड्याने घ्यायचा करार झाला; गाड्या आल्या थेंबथेंब. जी गाडी येतच नाही तिचं तिकीट अर्धं असो की पूर्ण. शिवाय पूर्ण तिकीट काढणाऱ्याकडून सरकार त्यातच साडेसतरा टक्के प्रवासी कर वसूल करतं. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली ती वेगळीच. आणि संचित तोटा दहा हजार कोटींवर गेला म्हणून बोट पुन्हा आमच्या बाराजणांकडे.

गाड्या नाहीत असंही नाही बरं का. सभा असली की असतात. २०२३ मध्ये 'शासन आपल्या दारी' कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यांत झाले, तेव्हा माणसं मांडवात नेण्यासाठी एसटी लागली आणि स्टँडवर ताटकळणाऱ्यांना सांगितलं गेलं, आज फेऱ्या रद्द. शासन आमच्या दारी यायचं म्हणून आमच्या दारची गाडी गेली! २०२२ च्या दसऱ्याला मुंबईतल्या मेळाव्यासाठी हजाराहून जास्त गाड्या निघाल्या होत्या. प्रासंगिक करार आहे, पैसे भरलेत, सगळं नियमात आहे. आषाढीला पंढरपूरला किंवा गणपतीत कोकणात जादा गाड्या जातात, त्याबद्दल माझी कुरकुर नाही. ती माणसं स्वतःच्या इच्छेने जातात.

गावाबाहेरचं झालं, आता गावातलं. साठ-सत्तर हजार वस्तीची आमची गावं गेल्या वीस वर्षांत चहूबाजूंनी सुटली. प्रशासकीय इमारत बायपासला, कॉलेज माळावर, एमआयडीसी तिसरीकडे. लांब पल्ल्याच्या गाड्या आता स्टँडवर येतच नाहीत, रात्री दोनला उड्डाणपुलाखाली फाट्यावर उतरवून मोकळ्या होतात. तिथून पुढे रिक्षावाला मागेल ते. केंद्राने ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा मंजूर केली, दहा हजार बस, पण मुख्यतः २०११ च्या जनगणनेत तीन लाखांवर असलेल्या शहरांसाठी. आम्ही शहर म्हणून लहान, खेडं म्हणून मोठे. नगरपरिषद म्हणते बस आमचं काम नाही, एसटी म्हणते शहरी वाहतूक आमचं काम नाही. स्टँडला रंग देण्याचं काम मात्र सगळ्यांचं आहे.

राहता राहिलं वडाप. कुणी काळी-पिवळी म्हणा, कुणी टमटम. नऊजणांच्या गाडीत सोळा कोंबतात, टपावर पोती, दारात लोंबकळणारा पोरगा. विमा नाही, पास नाही, वेळ नाही. भरल्याशिवाय हलत नाही. सगळं कबूल. पण ते येतं! आणि त्याच्यावर कारवाई करायला 'स्टँडपासून दोनशे मीटरच्या आत थांबायचं नाही' हा नियम घेऊन येणारे अधिकारी त्या जागी दुसरी गाडी कधी घेऊन येत नाहीत. तमिळनाडूने १९९७ मध्येच खासगी मिनीबसना लहान गावांचे मार्ग नेमून दिले. परवाना, दर, मार्ग, सगळं ठरवून. आपल्याकडे एसटीनेच 'यशवंती' नावाच्या मिडीबस काढल्या होत्या. बारा माणसांना बेचाळीस आसनांची गाडी परवडत नाही, हे तेव्हा कुणाला तरी सुचलं होतं. पुढे महामंडळाला वातानुकूलित शिवशाही सुचली.

माझी मागणी फार लहान आहे. गाड्या नंतर द्या. आधी प्रत्येक स्टँडवर, चौकशीच्या खिडकीशेजारी, रोज एक फळा लावा : आज कोणत्या फेऱ्या रद्द केल्या, कुणाच्या सहीने, आणि ती गाडी त्या वेळी नेमकी कुठे होती. सभेला गेली असेल तर सभा कुणाची, तेही लिहा. 'तांत्रिक कारण' चालणार नाही.