घरातला पेग, सरकारचा परवाना आणि डॉक्टरची सही

स्वतःच्या घरात, दार लावून, स्वतःच्या पैशाने आणलेला एक पेग घ्यायचा असेल तरी महाराष्ट्रात सरकारी परवाना लागतो. पेण किंवा रोह्यात कुणाला हे सांगितलं, तर बहुतेक जण हसतात. पण कायदा आहे आणि तो आजही लागू आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम. आता नावात ‘मुंबई’च्या जागी ‘महाराष्ट्र’ आलं, एवढंच. अनेक वर्षांपासूनचे दर असे: देशीचा एक दिवसाचा परवाना २ रुपये, विदेशीचा ५ रुपये, वर्षाचा १०० आणि आयुष्यभराचा १००० रुपये. वाईन आणि सौम्य बिअरसाठी वय २१ पूर्ण हवं, व्हिस्की, रम, देशीसाठी २५.

आरोग्याच्या लेखात हे कशाला, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण या परवान्यातच आहे. या कायद्याच्या नजरेत दारू पिणं हा मुळात गुन्हा आणि परवाना ही सूट. ती सूट कशासाठी? तर ‘आरोग्य राखण्यासाठी’! दारूबंदी कडक होती त्या काळात दारू हवी असेल तर प्रकृतीचं कारण दाखवावं लागे. १९६० साली गुजरात वेगळा झाला. तिथे हाच कायदा आजही कडक आहे आणि डॉक्टरांच्या मंडळापुढे जाऊन ‘हेल्थ परमिट’ घ्यावं लागतं. आपल्याकडे बंदी सैल झाली, दुकानं उघडली, महसूल सुरू झाला. आरोग्याचा शब्द मात्र कागदावर तसाच राहिला.

डॉक्टर म्हणून मला हा शब्द खटकतो. आरोग्यासाठी दारू असा प्रकार वैद्यकशास्त्रात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही. कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्याच पंक्तीत, दारू १९८८ पासून आहे. बाळंतिणीला किंवा सर्दी झालेल्या पोराला चमचाभर ब्रँडी देणं आपल्या भागात अजून चालतं. ब्रँडीने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून ऊब वाटते. खरं तर शरीरातली उष्णता बाहेर जाते. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी हिशोब: ३० मिली व्हिस्कीत साधारण १० ग्रॅम अल्कोहोल असतं. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिली बाटलीत साधारण ४०. म्हणजे एक बाटली, चार पेग.

मग घरातल्या पिण्यावर कायदा असावाच का? माझं मत: हा परवाना रद्द करावा. तो कुणाला पिण्यापासून थांबवत नाही, कुणाचं लिव्हर वाचवत नाही. उलट एक नुकसान करतो. आपण काहीतरी बेकायदा करतो ही भीती माणसाच्या मनात राहते, त्यात समाजाची लाज मिसळते, आणि माणूस डॉक्टरपुढेही खोटं बोलतो. बायको शेजारी बसलेली असते, ‘घेता का?’ विचारलं की उत्तर येतं, ‘कधीतरी, लग्नाकार्यात.’

हे खोटं जिवावर बेतू शकतं. रोज पिणारा माणूस पाय मोडून ॲडमिट झाला की दारू अचानक बंद होते. सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास माणूस बरळायला लागतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो. नातेवाईक म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलं. ही अवस्था वेळेत ओळखली नाही तर माणूस दगावतो. आणि ओळखायला आधी माहीत तर हवं.

म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्या. ओपीडीत तुम्ही पिण्याबद्दल जे सांगता ते डॉक्टर पोलिसांना कळवत नाही. ते गुप्त राखणं आमचं कर्तव्य आहे. पोलीस तुम्हाला तपासणीसाठी घेऊन आले आणि रक्ताचा नमुना घेतला, तर ती वेगळी गोष्ट. तो पुरावा असतो.

आता कायद्याचा कुठला भाग हवा, तेही सांगतो. गाडी चालवताना १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा हवीच. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला राहणाऱ्या आपल्याला त्याचं कारण सांगायला नको. स्वतःची वाडी किंवा फार्महाऊस दारूचा अड्डा म्हणून वापरू देणाऱ्या मालकावर गुन्हा होतो, तोही योग्य. जागा खासगी असली तरी तिथून निघालेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर येते. आणि ‘आडवी बाटली’! गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला मत दिलं की दारूचं दुकान बंद. नवऱ्याच्या पिण्याची किंमत जी मोजते, तिच्या हातात दिलेला हा अधिकार मला कायद्यातला सगळ्यात शहाणा भाग वाटतो.

सरसकट बंदीच करा, असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी मालवणी आठवावी. जून २०१५ मध्ये मुंबईत तिथे मिथेनॉल मिसळलेल्या गावठी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दुकानं बंद झाल्यावर केरळ सरकारने दारू प्रिस्क्रिप्शनवर देण्याचा आदेश काढला, डॉक्टरांनी विरोध केला आणि उच्च न्यायालयाने तो रोखला. दारू सोडताना लागणारी औषधं वेगळी आहेत आणि ती मिळतात. औषध म्हणून दारू लिहून देण्याची गरजच नाही.

गटारी झाली की आपल्याकडे पुष्कळ जण श्रावण पाळतात, थेट गणपती जाईपर्यंत. चांगली गोष्ट आहे. पण रोज क्वार्टर घेणाऱ्याने, किंवा आधी कधी सोडताना फिट आलेल्याने, एका रात्रीत बंद करू नये. गटारीच्या आधी आठवडाभर डॉक्टरला भेटा, किती घेता ते खरं सांगा. पाच-सात दिवसांच्या गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व एवढ्यावर बहुतेकांचं काम होतं. काहींना ॲडमिट व्हावं लागतं.