मॅजेस्टिकची चांदी

गिरगावात मॅजेस्टिक शॉपिंग सेंटरपाशी मी एका दुकानदाराला विचारलं, "अहो, 'आलम आरा' इथंच लागला होता ना?" मान वर न करता तो म्हणाला, "वरच्या मजल्यावर बघा." मला हसू आलं. नंतर वाटलं, याच्यात नि माझ्यात फरक तो काय? मला तारीख पाठ आहे, इतकाच.

14 मार्च 1931. अर्देशिर इराणी आणि अब्दुलअली युसुफअली या भागीदारांनी 1918 साली बांधलेल्या मॅजेस्टिक थिएटरात हिंदुस्थानचा पडदा पहिल्यांदा बोलला. चित्रपट खुद्द इराणींचाच. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेलं. गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले.

सत्तरच्या दशकात हे थिएटर पाडलं आणि त्या जागी हे शॉपिंग सेंटर उभं राहिलं. असं काही झालं, की बिल्डरच्या नावानं बोटं मोडायची नि हात झटकायचे, ही आपली जुनी खोड. पण तेव्हा सरकारला सिनेमाचं मोल ठाऊक नव्हतं म्हणावं, तर पुण्यात 1964 सालीच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उघडलं होतं, 1969पासून फाळक्यांच्या नावानं पुरस्कारही सुरू झाला होता. शाली होत्या, श्रीफळं होती. मुंबईला वारसा नियमावली सुचली 1995 साली. वऱ्हाड परतल्यावर मांडव!

'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. संग्रहालयाचे पी. के. नायर सांगत, की ते रिळं शोधत गेले तेव्हा इराणींच्या मुलानं कबूल केलं: चांदी काढून घेतली आणि उरलेल्याची विल्हेवाट लावली. जुन्या फिल्मवरची चित्रं चांदीच्या कणांची असत, म्हणून हा धंदा चाले. ही हकीकत वाचून मला त्या मुलाचा राग येईना. मॅजेस्टिकचं आपण दुसरं काय केलं? चांदी म्हणजे गिरगावातली जमीन, ती काढून घेतली. पडदा, बाल्कनी, पिटातल्या शिट्ट्या गेल्या डेब्रिसच्या ट्रकमधून.

जवळच रॉयल ऑपेरा हाऊस आहे. पंचम जॉर्जनं 1911 साली उद्घाटन केलेलं, मालकी गोंडलच्या राजघराण्याची. 1993पासून बंद पडलेलं, तरी 2016 साली झुंबरांसकट पुन्हा उभं राहिलं. फार चांगलं झालं. पण त्याच्यामागे राजे होते. मॅजेस्टिकची राजेशाही नावापुरती, आणि मागे चार आणेवाले.

ते नाव मात्र चिवट निघालं. केशवराव कोठावळ्यांनी थिएटरशेजारी पुस्तकं मांडली आणि स्टॉलला थिएटरचंच नाव दिलं. आज पार्ल्यात त्याच नावानं रंगणाऱ्या साहित्यिक मॅजेस्टिक गप्पांना आवर्जून जाणाऱ्यांना, हे मॅजेस्टिक मुळात कुठलं, असं विचारून पाहा. बरेच जण छताकडे बघतील.

मीही फार शहाणा नाही. त्या दिवशी त्या दुकानदाराकडून दोन बनियन घेतले. घासाघीस करून पाच रुपये कमी करून घेतले.