ऑनलाइन अभ्यासक्रमाला मुदत हवी

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत सत्तरच्या दशकात विज्ञानाला नाव घातलं की काही दिवसांनी घरी खोकं येत असे. त्यात प्रयोगाचं साहित्य असे आणि हातात धरून वापरता येईल असा प्लॅस्टिकचा छोटासा सूक्ष्मदर्शक, जॉन मॅकआर्थर यांच्या रचनेचा. जेवणाचं टेबल पुसून त्यावर प्रयोग मांडायचा, स्वाध्याय लिहून टपालाने ट्यूटरकडे धाडायचा. तपासून आलेल्या कागदावर नुसते गुण नसत. कुठे घसरलात, पुढच्या वेळी काय करून बघा, हे ट्यूटरने हाताने लिहिलेलं असे. कारखान्यातली पाळी संपवून रात्री पुस्तक उघडणाऱ्या माणसाला त्या शेऱ्यांचा केवढा आधार असेल!

या विद्यापीठाला १९६९ मध्ये राजसनद मिळाली आणि जानेवारी १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. हॅरोल्ड विल्सन यांची कल्पना, जेनी ली यांची चिकाटी आणि बीबीसीची साथ या गोष्टींची चर्चा नेहमी होते. त्यापेक्षा मोठी गोष्ट मात्र मागे राहते. इथला अभ्यासक्रम कधीच एकट्या प्राध्यापकाचा नव्हता. विषयाचे जाणकार, बीबीसीचे निर्माते, संपादक आणि शिकवण्याच्या पद्धतीचा अभ्यास असलेली माणसं एकत्र बसून तो घडवत. एकाचा मसुदा दुसरा फाडून काढी, आणि वर बाहेरचा परीक्षक असेच. अभ्यासक्रमाला आयुष्यही ठरलेलं असे. विज्ञानाचा पहिला पायाभूत अभ्यासक्रम ‘एस १००’ हा १९७१ चा; १९७९ मध्ये त्याच्या जागी ‘एस १०१’ आला. चांगला चालतोय म्हणून तोच पुढे रेटला नाही.

आज ब्रिटनमधल्या ऑनलाइन शिक्षणाला नेमकी हीच शिस्त पुन्हा लावून घेण्याची गरज आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि विद्यापीठांनी काही दिवसांत सगळे वर्ग पडद्यावर नेले. ती आणीबाणी होती. त्या काळातल्या उणिवांबद्दल शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. दुखणं पुढचं आहे. घाईत ध्वनिमुद्रित केलेली व्याख्यानं कायमची संपत्ती असल्यासारखी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांपुढे ठेवली जाऊ लागली. कॅनडात, माँट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठात, २०२१ च्या जानेवारीत जुनी व्याख्यानं पुन्हा पुन्हा वापरण्याचं टोक दिसलं. कलेतिहासाच्या ऑनलाइन वर्गातल्या एका विद्यार्थ्याला आपल्या प्राध्यापकांना ईमेल करायची होती. पत्ता शोधताना त्याला कळलं की फ्रांस्वा-मार्क गॅन्यों २०१९ मध्येच वारले आहेत. व्याख्यानं उत्तमच होती. पण ती ऐकून मनात उठलेला प्रश्न ज्यांना विचारावा, ते हयात नव्हते.

इंग्लंडमध्ये उच्च शिक्षणाचं नियमन करणाऱ्या ऑफिस फॉर स्टुडंट्सने २०२२ मध्ये सुझन ऑर यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमून मिश्र पद्धतीच्या शिक्षणाचा आढावा घेतला. ऑक्टोबरमध्ये अहवाल आला. त्यानंतर नियामकाने सांगितलं की व्याख्यानाचं जुनं रेकॉर्डिंग कालबाह्य झालेलं असेल, तर ते नोंदणीच्या अटींचं उल्लंघन ठरू शकतं. अभ्यासक्रम अद्ययावत हवा, ही अट १ मे २०२२ पासूनच्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे. पण अद्ययावत म्हणजे किती वर्षांचं? ते कोणी आणि केव्हा तपासायचं? त्याबद्दल अटीत काहीच बांधलेलं नाही.

ब्रिटनमधल्या उच्च शिक्षणाच्या गुणवत्तेचं काम बघणाऱ्या क्वालिटी अ‍ॅश्युरन्स एजन्सीने जून २०२४ मध्ये गुणवत्ता संहितेची नवी आवृत्ती काढली. तिच्यात १२ तत्त्वं आहेत. वर्गातलं आणि ऑनलाइन, दोन्ही शिक्षणांना ती सारखीच लागू आहेत. याच संस्थेने १९९९ मध्ये दूरशिक्षणासाठी वेगळी मार्गदर्शक सूत्रं दिली होती आणि २००४ मध्ये ई-शिक्षणाचा त्यात समावेश केला होता. गुणवत्ता शेवटी एकच, मग माध्यमानुसार वेगळे नियम कशाला, असा एकत्रीकरणामागचा युक्तिवाद आहे. तो ऐकायला बरा वाटतो, पण व्यवहारात अपुरा पडतो. वर्गात तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या कपाळावर आठी पडली तर शिक्षक थांबतो, फळ्यावर तेच दुसऱ्या रीतीने मांडतो. व्हिडिओ थांबत नाही. ही उणीव अभ्यासक्रम आखतानाच भरून काढावी लागते. ती भरली आहे की नाही, हे विचारणारी ठोस मानकं हवीत.

ब्रिटनला याचा धडा महागात मिळालेला आहे. २००० मध्ये सरकारने गाजावाजा करून ‘यूके ई-युनिव्हर्सिटी’ जाहीर केली. तांत्रिक मंच उभारण्यात पैसा आणि शक्ती ओतली गेली. शिकणाऱ्याला काय हवं, याचा विचार मागे पडला. २००४ मध्ये ती गुंडाळावी लागली. तोवर सुमारे ५ कोटी पौंड खर्च झाले होते आणि विद्यार्थी मिळाले होते जेमतेम ९००. संसदेच्या शिक्षण समितीने २००५ च्या अहवालात या कारभाराची कठोर चिकित्सा केली.

मग नेमकं काय मोजायचं? याचंही उत्तर ओपन युनिव्हर्सिटीतच सापडतं. बार्ट रिएंटीस आणि लिसेट टोटेनेल यांनी २०१६ मध्ये तिथल्या १५१ अभ्यासक्रमांचा आणि १,११,२५६ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचायला, ऐकायला, बघायला भरपूर असलेल्या अभ्यासक्रमांवर विद्यार्थी जास्त खूश होते. पण विद्यार्थी टिकण्याशी सगळ्यात ठळक नातं निघालं ते बोलण्याला, एकमेकांशी आणि शिक्षकाशी चर्चेला राखून ठेवलेल्या वेळाचं. सत्राअखेरीस समाधानाचे फॉर्म भरून घेऊन गुणवत्ता कळते असं मानणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने हे निष्कर्ष समोर ठेवायला हवेत.

सुलभतेचा प्रश्नही इथेच येतो. २०१८ च्या नियमांनी सार्वजनिक संस्थांची संकेतस्थळं अपंग व्यक्तींना वापरता येतील अशी ठेवणं बंधनकारक केलं. त्यात एक फट आहे. २३ सप्टेंबर २०२० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांना आणि चित्रफितींना या नियमांतून सूट आहे. म्हणजे पहिल्या टाळेबंदीत घाईने केलेली, आवाज फाटलेली, उपशीर्षकं नसलेली व्याख्यानं याच सवलतीत बसतात. समानतेचा २०१० चा कायदा आहेच, पण प्रत्यक्षात अनेकदा बहिऱ्या विद्यार्थ्यानेच आधी तक्रार करायची, मग वाट बघायची. तोवर सत्र संपलेलं असतं. जुन्या रेकॉर्डिंगला मुदत असती, तर हा प्रसंगच आला नसता.

म्हणून नव्या मानकांत साध्या, तपासता येतील अशा गोष्टी लिहाव्यात. प्रत्येक आठवड्याच्या पाठावर शेवटच्या दुरुस्तीची तारीख आणि ती करणाऱ्याचं नाव असावं. ठरलेली वर्षं उलटली की पाठ नव्याने मंजूर करून घ्यावा. प्रश्नाला आणि स्वाध्यायाला किती दिवसांत माणसाकडून उत्तर मिळेल, हे प्रवेशाआधी सांगावं. खर्चाचं कारण इथे पुढे करता येणार नाही. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये क्लाइव्ह यंग आणि नताशा पेरोविच यांनी घडवलेल्या ‘एबीसी’ पद्धतीत शिक्षकांची तुकडी दीड तास टेबलाभोवती बसते आणि डायना लॉरिलार्ड यांनी सांगितलेल्या सहा प्रकारच्या शिकण्याची कार्डं मांडून अख्खा अभ्यासक्रम आखते. नुसतं ऐकण्याचीच कार्डं जास्त पडली, तर ते टेबलावर लगेच दिसतं.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. राम ताकवले यांच्या नेतृत्वाखाली १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, ते ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनंतर आता इतर विद्यापीठंही ऑनलाइन पदव्या देऊ लागली आहेत. या विनियमांतल्या चार भागांच्या रचनेत चर्चामंच आहे. पण मंच असणं वेगळं आणि त्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळणं वेगळं. ब्रिटिश विद्यापीठांच्या ऑनलाइन पदव्युत्तर पदवीसाठी पौंडांत शुल्क भरणारी मराठी घरंही कमी नाहीत. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी त्यांनी प्रवेश विभागाला दोन प्रश्न विचारावेत: पहिल्या आठवड्याचं व्याख्यान कोणत्या वर्षी ध्वनिमुद्रित केलं आहे, आणि शनिवारी रात्री अडलेल्या मुलाला उत्तर कोण देणार आहे?